कोत्रबांचा एकशे अठरा

लुमीर कोत्रबा माझ्या खिडकीशी आला की मी आधी त्याच्या मागच्या रांगेकडे बघते आणि नजरेनंच सांगते, बाबांनो, बसून घ्या. एकोणऐंशी वर्षांचा हा गृहस्थ ‘एक मिनिटाचं काम आहे, इर्मा’ म्हणून जो सुरू होतो तो माझी कॉफी गार झाल्याशिवाय थांबत नाही. जिल्हा खजिनदाराच्या कचेरीत मी अठ्ठावीस वर्षं बसते आहे. गाड्यांची नोंदणी, नंबरप्लेटी, कर, सगळं याच खिडकीतून होतं. या अठ्ठावीस वर्षांत किती कॉफी गार झाली ते मला विचारू नका, उगाच माझा पारा चढेल.

त्या जुलैत तो आला तो काखेत एक गाठोडं घेऊन. काउंटरवर ठेवलं आणि बाळाच्या अंगावरचं दुपटं काढावं तसं हळूच फडकं बाजूला केलं. आत दोन पत्र्याच्या नंबरप्लेटी होत्या. गंजलेल्या, कडेला चेमटलेल्या, कोपऱ्यांत खिळ्यांची भोकं. पण आकडे शाबूत.

“पन्नास सालच्या,” तो म्हणाला. “जोडी. आपल्या जिल्ह्याच्या. आता मार तुझा तो शिक्का.”

त्याच्याकडे १९५० ची स्टुडबेकर मोटार आहे, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत. बापानं नवी कोरी घेतलेली. तिचं नाक विमानासारखं पुढे आलेलं, त्यामुळे कुठेही उभी केली तरी ती आपल्याला नाक मुरडतेय असं वाटतं. आमच्या नेब्रास्कात जुन्या गाडीला तिच्याच सालची नंबरप्लेट लावता येते. पाटी अस्सल हवी, वाचता यायला हवी आणि तिच्यावरचा आकडा आज दुसऱ्या कोणाच्या गाडीवर नसावा. कचेरीनं तपासून मंजूर केली की झालं. लुमीरचा या पाटीवर जीव अडकला होता. तीन वर्षं तो तिच्यामागे फिरत होता.

या तीन वर्षांची कथा मला पाठ आहे, कारण दर खेपेला तो ती पहिल्यापासून सांगतो. जुन्या गाड्यांचे बाजार पालथे घातले. सगळ्या जिल्ह्यांच्या पाट्या मिळाल्या, आमच्या टॅलमन जिल्ह्याची तेवढी मिळेना. एका बाजारात शेजारच्या ग्रीर जिल्ह्याची जोडी होती, एक ओरखडा नाही, आणि विकणारा जवळजवळ फुकट देत होता. लुमीरनं तिला हातसुद्धा लावला नाही. का, तर १८८७ साली ग्रीरवाल्यांनी आमच्या कचेरीतली तिजोरी घोडागाडीत घालून पळवली होती!

“चोरांचा आकडा बापाच्या गाडीला लावू?” तो म्हणाला होता. “त्यापेक्षा पायी जाईन.”

“लुमीर, ती तिजोरी रिकामी होती.”

“म्हणून काय झालं? चोरी ती चोरीच.”

आणि आपल्या जिल्ह्याची पाटी का मिळेना, याचं कारण अख्ख्या गावाला ठाऊक होतं, फक्त त्याच्या तोंडावर सांगायची कोणाची छाती नव्हती. शेवटी मीच सांगितलं. आमच्याकडे मक्याच्या कोठारांना उंदीर भोकं पाडतात आणि ती बुजवायला जुन्या नंबरप्लेटीसारखा पत्रा नाही. लुमीरनं चाळीस वर्षं पत्र्याचं काम केलं. जिल्ह्यात निघालेली प्रत्येक जुनी पाटी त्याच्याकडे यायची आणि तो ती कात्रीनं कापून कुठल्या ना कुठल्या भोकावर ठोकायचा. थोडक्यात, जी वस्तू तो शोधत होता ती जिल्ह्यातून नाहीशी करणारा दुसरा तिसरा कोणी नसून तोच होता.

“मग?” तो फणकारून म्हणाला. “उंदीर गेले की नाही?”

आणि बघा योग. जूनमध्ये मॅडसन बाईंच्या शेतावर लिलाव होता. लुमीर तिथे कोलाचे खायला गेला होता, प्रूनचा मुरंबा भरलेल्या त्या बनपावांसाठी तो कुठेही जातो. तिथे कोठारात ओट धान्य साठवायची एक लाकडी कोठी त्यानं पाहिली आणि खिळे बघून थबकला. कोपऱ्यात दोन-दोन खिळे मारायची पद्धत जिल्ह्यात एकाचीच, त्याची स्वतःची. ही कोठी त्याच्या बापाची होती, कधीकाळी मॅडसनांना विकलेली. एक पाटी बाहेरून, एक आतून, मध्ये उंदराचं भोक.

“बापानं कापू दिली नव्हती,” लुमीर सांगत होता. “मी कात्री उचलली तर म्हणाला, हिला कात्री लावायची नाही, अख्खी मार. मी म्हणालो, पत्रा वाया जातोय. म्हणाला, जाऊ दे.”

मॅडसन बाई पाट्या सुट्या द्यायला तयार होईनात. मग यानं अख्खी कोठी घेतली. आत जुनाट ओट होते आणि उंदरांचं एक नांदतं घर होतं, तेही सोबत घरी आलं. लुमीरची बायको त्या आठवड्यात लेकीकडे राहायला गेली ती बरेच दिवस फिरकली नाही.

तर अशा त्या पाट्या माझ्यासमोर होत्या. मी आकडा वाचला आणि कपाळावर हात मारून घेतला. मशीनमध्ये बघायची गरजच नव्हती.

“लुमीर, हा एकशे अठरा आहे.”

“वाचता येतं मला.”

“एकशे अठरा व्हेन्सलच्या गाडीवर आहे.”

धाकट्या भावाचं नाव ऐकून तो छताकडे बघायला लागला.

आता हे आकड्यांचं प्रकरण आमच्याकडे साधं नाही. आमच्या पाटीवर आधी जिल्ह्याचा आकडा येतो आणि मग माणसाचा. माणसाचा आकडा जितका लहान, तितकं घराणं जुनं. चर्चबाहेर गाड्या लागल्या की आकड्यांवरूनच कळतं, कोणाचा आजा इथे पहिल्यांदा नांगर घेऊन आला आणि कोण गेल्या वर्षी विम्याच्या नोकरीवर बदलून आलं. दोन हजारांच्या पुढचा आकडा असला की लोक गोड बोलतात, पण मनातून पाहुणाच समजतात. एकशे अठरा हा कोत्रबांचा, १९२२ पासून. बाप गेला १९८२ च्या थंडीत. शेत धाकट्या व्हेन्सलला, स्टुडबेकर थोरल्या लुमीरला. आकडा कोणाला, हे म्हातारा सांगून गेला नाही. जानेवारीत नव्या पाट्या निघाल्या, मोकळा आकडा आधी येईल त्याचा. लुमीर सकाळी आठला कचेरी उघडल्यावर पाचच मिनिटांत हजर झाला, तर व्हेन्सल पाटी घेऊन बाहेर पडत होता. त्या दिवसापासून तीस वर्षं दोघं भाऊ एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. एकाच गावात, एकाच चर्चमध्ये, एकाच न्हाव्याकडे!

“मला माहीत आहे तो कोणाकडे आहे,” लुमीर म्हणाला. “पण त्याची पाटी आत्ताची. माझी पन्नासची. पोलीस काय आंधळे आहेत?”

“एक आकडा दोन गाड्यांना नाही. नियम आहे.”

“तू नियम केलास?”

“मी केला असता तर आणखी कडक केला असता. दुसरी जोडी शोधा, नाहीतर साधी जुन्या गाडीची पाटी देते. पाच मिनिटांत.”

“मला हीच हवी.”

“मग व्हेन्सलनं त्याचा आकडा सोडला पाहिजे. एक कागद आहे, त्यावर सही करायची. पुढच्या वर्षीसुद्धा चालेल, पन्नास सालची पाटी काही विटत नाही.”

त्यानं मागे वळून रांगेत कोणी ऐकत नाही ना ते बघितलं. मग पुढे वाकून हळू आवाजात म्हणाला, “पुढचं वर्ष नाही माझ्याकडे, इर्मा. ऑक्टोबरात लायसन्स संपतंय. डोळ्यांची तपासणी आहे. मधोमध काळा डाग पडलाय, दोन्हीकडे. डॉक्टर म्हणाला, पास व्हायचं विसरा. सप्टेंबरात गावची मिरवणूक आहे. तेवढी एकदा बापाची गाडी बापाच्या आकड्यासकट चालवायची आहे. नंतर किल्ली टांगून टाकीन.” आणि लगेच बोट उगारून, “कोणाला सांगशील तर बघ. आणि त्याला तर मुळीच नाही. माझी कीव करून दिलेलं मला काही नको.”

मला फार वाईट वाटलं. पण खिडकीत बसून रडता येत नाही, म्हणून मी त्याच्यावर ओरडले, की पाट्या उचला, काउंटरवर गंज सांडतोय.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला मी माझी शिक्षाच म्हणते. दोन दिवसांनी व्हेन्सल शेताचा कर भरायला आला. पंच्याहत्तरीचा, गुडघ्यांनी वाकलेला, लुमीरसारखंच नाक आणि लुमीरसारखाच ताठा. गावात बातमी तोवर पोचली होती, त्या मॅडसन बाईंच्या तोंडाला कुठे झाकण आहे!

“ऐकलं, त्याला माझा आकडा हवाय,” तो म्हणाला.

“हवाय.”

“मग त्यानं मागावा. त्याला तोंड आहे ना? तीस वर्षं गावभर माझ्याबद्दल बोलायला पुरलं ते तोंड.”

मी हे लुमीरला सांगितलं. लुमीर ताडकन म्हणाला, “मी थोरला आहे. थोरल्यानं धाकट्यापुढे हात पसरायचा? त्याला सांग, चोरलेली वस्तू मागायची नसते, परत करायची असते.”

मी हे व्हेन्सलला सांगितलं. व्हेन्सल लालबुंद झाला. “चोरलेली? त्याला सांग, कोत्रबांचा आकडा कोत्रबांच्या घरात आहे तो माझ्यामुळे!” म्हणजे काय, विचारलं तर फोड करून सांगायला तयार नाही. “त्यानं विचारलं तर सांगेन.”

असं पंधरा दिवस चाललं. एक सोमवारी येणार, दुसरा मंगळवारी, आणि मी मधल्यामध्ये निरोप्या. शिवाय दोघंही मला बजावणार, की हे जसंच्या तसं सांग, तुझ्या पदरचं घालू नकोस. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही जळायला तयार नव्हता. ऑगस्ट अर्धा सरला. मिरवणूक तीन आठवड्यांवर आली. लुमीरनं गाडी इतक्यांदा पुसली होती की तिचा रंग उडेल अशी मला भीती वाटायला लागली. एक दिवस त्यानं फॉर्म भरताना माझ्यासमोर ओळ सोडून खालच्याच चौकटीत सही केली, आणि मी ठरवलं की आता पुरे.

अठ्ठावीस वर्षांत मी खिडकीतून खोटं बोलले नव्हते. त्या दिवशी दोनदा बोलले. दोघांनाही फोन केला, तुमच्या कागदात चूक आहे, शुक्रवारी दहाला या, नाहीतर दंड. कचेरीत आमचे खजिनदारसाहेब होते, त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि परत खाली घातली. ते निवडून आलेले आहेत, त्यांना दोघांचीही मतं हवी असतात.

शुक्रवारी दहाला लुमीर खिडकीशी होता, पाट्यांचं गाठोडं काखेत. दार उघडलं आणि व्हेन्सल आत आला. रांगेत सहाजण होते. सहाहीजणांनी माना वळवल्या.

“चूक काय आहे?” व्हेन्सलनं मला विचारलं, लुमीरकडे न बघता.

“चूक ही आहे,” मी म्हणाले, “की तुम्ही दोघं गाढव आहात. मी पोस्टात नोकरीला नाही. हा सोडपत्राचा कागद, हा अर्जाचा कागद. जे बोलायचं ते एकमेकांशी बोला, मी कॉफी आणायला जातेय.” आणि मी जागची हलले नाही. कोण हलेल?

मग लुमीर खिडकीच्या काचेलाच म्हणाला, “पहाटे चोरासारखा आला. मी आठला आलो, तर पाटी याच्या हातात.”

“मी चारला आलो,” व्हेन्सलही काचेलाच म्हणाला. “पहाटे चारला. उणे वीस होतं. माझ्या मागे कोण उभं होतं, ते विचार म्हणावं त्याला.”

“कोण?”

“हाल्डेन.”

हाल्डेन म्हणजे तेव्हाचा बँकेचा मॅनेजर, आता देवाघरी. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं ‘अरे देवा’ म्हटलेलं मी स्पष्ट ऐकलं.

“मफलर गुंडाळून, खुर्ची घेऊन आला होता,” व्हेन्सल म्हणाला. “बाप गेल्यावर आठवड्यानं बँकेत मला म्हणाला होता, तुमचा आकडा मोकळा झाला की माझ्या कॅडिलॅकला शोभेल. हसत हसत म्हणाला. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, मी झोपणार नाही. तू आठला येणार हे मला माहीत होतं. तू जन्मभर आठलाच येतोस. मी नसतो तर बापाचा आकडा त्या बँकवाल्याच्या मागच्या बंपरवर बघितला असतास.”

लुमीरनं पहिल्यांदा मान वळवली. ओठ हलत होते. मला वाटलं आता भांडण पेटणार.

“सहाशे चव्वेचाळीस,” तो म्हणाला.

“काय?”

“हाल्डेनचा आकडा. मरेपर्यंत त्या भल्यामोठ्या कॅडिलॅकवर सहाशे चव्वेचाळीस. मला नेहमी वाटायचं, एवढा बडा माणूस आणि आकडा असा भिकार कसा.”

“कारण एकशे अठरा मी घेतला होता.”

रांगेतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. तो आकडा सगळ्यांनी बघितलेला. आमच्याकडे याहून मोठा पुरावा नसतो.

“मग मला द्यायचा होतास!” लुमीर ओरडला. “त्याच दिवशी! मी समोर उभा होतो!”

“तू समोर उभा राहून मला चोर म्हणालास. सगळ्यांसमोर. मी पाटी तुलाच दाखवायला येत होतो.” व्हेन्सल आता सरळ भावाकडे बघत होता. “त्यानंतर तीस वर्षं मी वाट बघितली. तू मागितलास कुठे? एकदा म्हणाला असतास, व्हेन्सल, दे. एकदा. दर जानेवारीला नव्यानं पैसे भरताना मला वाटायचं, या वर्षी मागेल.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या खेपेला ओरडायला कोणी सापडेना.

लुमीरनं टोपी काढली. घातली. परत काढली. पाट्यांचं गाठोडं काउंटरवर ठेवलं. एकोणऐंशी वर्षांत या माणसानं कोणाकडे काही मागितलं असेल असं मला वाटत नाही, उसनी शिडीसुद्धा नाही. मग तो म्हणाला, “दे ना रे.”

एवढंच. व्हेन्सलनं खिशातून पेन काढलं, कागद ओढला, सही केली आणि माझ्याकडे सरकवला. “आधीच मागितलं असतंस तर एवढं म्हातारं व्हावं लागलं नसतं,” तो पुटपुटला.

मी मशीनमध्ये त्याला नवा आकडा काढून दिला. दोन हजार तीनशे सोळा निघाला. रांगेतून कोणीतरी म्हणालं, “काय पाहुणे, कुठून आलात?” आणि सगळे हसले. व्हेन्सलही हसला, जरा उशिरा.

अर्जावर मी मंजुरीचा शिक्का मारला, पण जुनी पाटी व्हेन्सलच्या गाडीवरून निघून माझ्या हातात आल्याशिवाय काम पुरं होत नाही. दोघं बाहेर मैदानात गेले. कचेरीच्या रस्त्याकडच्या खिडकीतून व्हेन्सलची पिकअप दिसत होती. रांगेतले सहाजण माझ्याबरोबर खिडकीला चिकटले, कोणी तक्रार केली नाही.

मागची पाटी. चार स्क्रू. रस्त्यावरच्या मिठानं गंजलेले. व्हेन्सलला गुडघ्यांनी खाली बसवेना, म्हणून लुमीर बसला. “हो बाजूला, मी पत्र्याचा माणूस आहे,” हे आम्हाला इथपर्यंत ऐकू आलं. त्यानं स्क्रू ड्रायव्हर टेकवला. तो स्क्रूच्या बाजूला पत्र्यावर घसरला. परत टेकवला. परत घसरला. तिसऱ्यांदा तर आकड्यावरच ओरखडा उठला.

“आंधळा आहेस का?” व्हेन्सल हसून म्हणाला.

लुमीरनं वर बघितलं नाही. नुसता चौथ्यांदा चाचपडत राहिला. व्हेन्सलचं हसू तिथेच थांबलं. तो वाकला, त्यानं आधी भावाच्या हाताकडे बघितलं आणि मग तोंडाकडे.

“लुमीर. तुला दिसत नाही?”

“दिसतं की. कडेकडेनं दिसतं.”

“कधीपासून?”

“दोन वर्षं. मिरवणुकीपुरतं पुरेल.”

मग पिकअपचा बंपर धरून, गुडघ्यांच्या नावानं शिव्या देत, व्हेन्सल एकेक इंच खाली बसला, अगदी भावाला लागून. त्याला आता परत उठवायला दोघंजण लागणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. त्यानं लुमीरची मूठ आपल्या मुठीत धरली आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक स्क्रूच्या खाचेत नेऊन बसवलं.

“हं,” तो म्हणाला. “आता फिरव.”